ढाल आणि वीरगळ : वस्तूंचे मोल कशाने ठरते?

बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यात काही वर्षांपूर्वी कार्यालयीन कामानिमित्त जाण्याचा योग आला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात प्रवेश करताच समोरच्या भिंतीशी एक काचेचे कपाट दिसले. गावच्या कबड्डी संघाने तालुका स्पर्धेत जिंकलेली ढाल त्यात तांबड्या मखमलीवर ठेवलेली होती. ढालीवर वर्ष, स्पर्धेचे नाव आणि सर्व खेळाडूंची नावे स्वच्छ अक्षरांत कोरलेली होती. सरपंचांनी किल्ली मागवून कपाट उघडले, ढाल माझ्या हाती दिली आणि अंतिम सामन्यातील शेवटच्या चढाईची हकिगत मोठ्या उत्साहाने सांगितली. तो सामना आदल्या दिवशीच झाला असावा, असे ऐकणाऱ्यास वाटावे.

परत निघताना वेशीजवळच्या हातपंपापाशी पाय थबकले. पंपाखाली एक लांबट दगड आडवा टाकलेला होता आणि त्यावर धुणे धुण्याचे काम चालू होते. ओल्या दगडावर मनुष्याकृतींच्या पुसट रेषा दिसत होत्या. जवळ जाऊन पाहिले, तर तो वीरगळ होता. सरपंचांना विचारले तेव्हा ते प्रांजळपणे म्हणाले, "साहेब, तो गोटा आमच्या आजाच्या काळापासून तठीच पडेल हाये. कोनाचा हाये, ते काई कोनाले मालूम नाई."

गावाच्या, गुराढोरांच्या किंवा सीमेच्या रक्षणार्थ लढताना धारातीर्थी पडलेल्या वीराचे स्मारक म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रात अशा शिळा गावोगाव आढळतात. बहुधा त्यांवर एकावर एक कप्पे असतात. खालच्या कप्प्यात पडलेला वीर किंवा सोडविलेली गुरे, त्यावर युद्धाचा प्रसंग, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, अशी ही शिल्पांतून सांगितलेली कथा होय. माथ्यावरचे चंद्रसूर्य असे सुचवितात की, चंद्रसूर्य आहेत तोवर या वीराची कीर्ती टिकावी. मात्र पुष्कळशा वीरगळांवर लेख नसतो. त्यामुळे कीर्ती टिकावी ही इच्छा राहिली, नाव मात्र राहिले नाही.

ढाल आणि वीरगळ या दोन्ही वस्तू एकाच भावनेतून जन्माला आल्या आहेत. आपल्यासाठी जो झुंजला त्याला विसरू नये, ही ती भावना. मग एक वस्तू मखमलीवर आणि दुसरी धुण्याच्या पाण्याखाली का? समाज क्रीडास्मृतिचिन्हांना जे मोल देतो ते ऐतिहासिक वस्तूंना का देत नाही, आणि हे मोल मुळात ठरते तरी कशाने, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बाजारातील किंमत

प्रथम बाजारात काय दिसते ते पाहू. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. महेंद्रसिंह धोनी यांनी ज्या बॅटने विजयी षटकार मारला, ती बॅट त्याच वर्षी जुलै महिन्यात लंडन येथील एका धर्मादाय कार्यक्रमात लिलावास निघाली. तिला १ लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ७२ लाख रुपये मिळाले.

त्याच लंडन शहरात एप्रिल २०२५ मध्ये एका तलवारीचा लिलाव झाला. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांचे नाव त्या तलवारीवर आहे. विदर्भाच्या इतिहासात रघूजी भोसल्यांचे स्थान काय आहे, हे वाचकांस सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने ही तलवार विकत घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आणली. वाहतूक, विमा इत्यादी धरून त्याकामी ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. म्हणजे साडेतीन महिन्यांपूर्वीच्या सामन्यातील बॅटीला ७२ लाख आणि अडीचशे वर्षांहून जुन्या तलवारीला ४७ लाख. मधल्या चौदा वर्षांत रुपयाची क्रयशक्ती किती घटली हे लक्षात घेतले, तर ही तफावत अधिकच डोळ्यांत भरते.

परंतु यावरून घाईने निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. मे २०२२ मध्ये फुटबॉलपटू मॅराडोना यांनी १९८६ च्या विश्वचषक सामन्यात घातलेला सदरा सुमारे ७१ लाख पौंडांना विकला गेला. पुढच्याच वर्षी, मे २०२३ मध्ये, टिपू सुलतानाच्या शयनागारातील तलवारीला सुमारे १ कोटी ४० लाख पौंड किंमत आली. म्हणजे जुन्या वस्तूला किंमत येत नाही असे नव्हे, आणि खेळाच्या वस्तूलाच ती येते असेही नव्हे. या चारही वस्तूंत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकीला नाव आहे, प्रसंग आहे आणि ती वस्तू त्याच व्यक्तीची होय असे सांगणारा काही ना काही आधार आहे. बाजार वस्तूचे वय विकत घेत नाही. तो नाव आणि कथा विकत घेतो. ज्या वीरगळाचे नाव हरपले त्याला बाजारात स्थान नाही, याचे कारण हेच.

लिलावातील किंमत आणखीही एका अर्थाने फसवी असते. ती वस्तू पाहिजेच अशा ईर्षेने बोली लावणारे दोघे जण समोरासमोर आले की आकडा चढतो. दुसरा बोली लावणारा नसला की तीच वस्तू स्वस्तात जाते. तेव्हा अशा किमतीवरून समाजाच्या दृष्टीने त्या वस्तूचे महत्त्व मोजता येत नाही.

साक्षीदारांची श्रीमंती

खेळाच्या वस्तूंना आज इतके मोल येते याचे मुख्य कारण असे की, तिचे साक्षीदार जिवंत आहेत. २०११ चा तो षटकार कोट्यवधी लोकांनी पाहिला. तो पाहताना आपण कोठे बसलो होतो, शेजारी कोण होते, हे प्रत्येकाला आठवते. बॅट ही त्या आठवणीची जणू मुद्रा झाली आहे. वानखेडे स्टेडियमच्या प्रेक्षागारात तो चेंडू ज्या ठिकाणी पडला, तेथील खुर्च्या शोधून काढून मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्या स्मारक म्हणून राखल्या. लाकूड, लोखंड किंवा प्लास्टिक यांत विशेष काही नसते. त्या वस्तूला झालेला प्रसंगाचा स्पर्श विशेष असतो.

स्पर्शाने वस्तू मोलाची होते, ही कल्पना आपल्याला परकी नाही. पंढरीच्या वाटेवर पालखीतून संतांच्या पादुका चालतात. आपल्या जिल्ह्यातील शेगावहून निघणाऱ्या पालखीच्या दर्शनासाठी वाटेवरच्या गावांत लोक तासन्‌तास उभे राहतात. पादुका कशाच्या घडविल्या आहेत हे तेथे कोणी विचारीत नाही. खेळाडूच्या बॅटीकडे पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांतही याच भावनेचा एक लौकिक अंश असतो. पुण्यात २०१२ पासून केवळ क्रिकेटच्या वस्तूंचे एक संग्रहालय उभे आहे. तेथील बॅटी व स्वाक्षऱ्या पाहताना मुलांच्या तोंडून आपोआप सामन्यांच्या कथा बाहेर पडतात.

पण साक्षीदार कायमचे नसतात. तीन पिढ्या उलटल्या की पाहिलेले कोणी उरत नाही. त्यानंतर वस्तू टिकते ती दोन मार्गांनी. एकतर कोणी तरी तिची कथा लिहून ठेवलेली असते. नाहीतर ती वस्तू स्वतःच बोलकी असते. प्राचीन अथेन्स नगरीत पॅनाथेनिक उत्सवातील क्रीडास्पर्धांच्या विजेत्यांना ऑलिव्हच्या तेलाने भरलेले मातीचे रांजण बक्षीस देत असत. रांजणाच्या एका बाजूस अथेना देवीचे आणि दुसऱ्या बाजूस धावणे, कुस्ती इत्यादी स्पर्धेचे चित्र असे. तेल केव्हाच संपले. जिंकणारेही गेले. पण ते रांजण आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचे खेळ, वेष व व्यापार यांचा अभ्यास त्यांवरून होतो. त्या काळची क्रीडास्मृतिचिन्हे हीच आजची पुरावस्तू झाली आहेत. या दोन प्रकारच्या वस्तूंमधील भिंत आपण समजतो तितकी पक्की नाही. एक दुसरीची पूर्वावस्था आहे, इतकेच.

महाराष्ट्रातही याचे उत्तम उदाहरण आहे. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दौती अशा घरोघरच्या वस्तू आयुष्यभर वेचून गोळा केल्या. तो संग्रह त्यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, स्मृतीस वाहिला आणि अखेर महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या काळी अशा वस्तू मोडीत जात होत्या. आज राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात.

सिंदखेडराजाची साक्ष

मग पुरावस्तूचे मोल कशात आहे? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच, सिंदखेडराजा येथे, २०२४ मध्ये मिळाले. जिजाऊ माँसाहेबांचे हे जन्मस्थान. येथे त्यांचे पिता लखुजीराव जाधव यांची समाधी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळातर्फे समाधीच्या जतनाचे काम चालू असताना जमिनीत काही घडीव दगड दिसले. तेथे उत्खनन केल्यावर शिवमंदिराचा पाया उघडा झाला आणि जून २०२४ मध्ये सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती मिळाली. मूर्तीची लांबी सुमारे १.७० मीटर आणि उंची सुमारे १ मीटर. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चुरणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचा प्रसंग असे तिचे शिल्पांकन आहे.

भाविकाला ही मूर्ती पूज्य वाटावी आणि रसिकाला सुंदर वाटावी, हे स्वाभाविक आहे. अभ्यासकाला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. ती म्हणजे तिचा दगड. आपल्या भागात सर्वत्र काळा बेसाल्ट आढळतो व येथील मंदिरे बहुधा त्याचीच आहेत. ही मूर्ती क्लोराइट शिस्ट या निराळ्या, मऊ जातीच्या पाषाणाची आहे. अशा पाषाणातील कोरीव काम दक्षिणेकडे विशेष आढळते. मग हा दगड येथे कोठून आला? शिल्पी दक्षिणेकडचे होते की घडविलेली मूर्तीच आणली गेली? त्या काळी सिंदखेडचा कोणत्या प्रदेशाशी संबंध होता? एका दगडाने एवढे प्रश्न उभे केले. ज्या काळाचा लेखी कागद नाही, त्या काळासंबंधी पुरावस्तू अशी साक्ष देते. हेच तिचे खरे मोल होय.

ही साक्ष देण्यासाठी एक अट मात्र असते. वस्तू कोठे, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळाली, याची नोंद हवी. हीच मूर्ती रात्रीतून कोणी उकरून नेली असती आणि दूरदेशीच्या एखाद्या दिवाणखान्यात ती उभी राहिली असती, तर तिचे सौंदर्य कायम राहिले असते, पण तिची साक्ष संपली असती. मूर्ती गावातच राहावी अशी सिंदखेडराजातील लोकांची भावना होती. त्या भावनेच्या मुळाशी हाच विचार आहे. मातीपासून तोडलेली वस्तू मुकी होते.

जिल्ह्याला याचा जुना अनुभव आहे. मेहकर येथे १८८८ साली भूमीतून निघालेली शारंगधर बालाजीची मूर्ती आज तेथील मंदिरात विराजमान आहे. ती विलायतेस नेली जाईल या शंकेने गावकऱ्यांनी तिची तातडीने प्रतिष्ठापना केली, असे तेथे सांगितले जाते. कायद्याचे पाठबळ नसताना लोकांनी श्रद्धेच्या बळावर आपला ठेवा राखला. मात्र ज्या वस्तूला देवपण नाही, तिचे काय? वीरगळाला, शिलालेखाला, मोडक्या बारवेच्या पायरीला शेंदूर लागत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नाही.

एका पदकाची कहाणी

पुरावस्तूंची उपेक्षा होते आणि खेळाच्या वस्तूंची चैन असते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते. पदक घेऊन परतल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

या पदकाचा लिलाव करण्याचा विचार २०१७ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर केला. पैशाचा लोभ हे त्याचे कारण नव्हते. खाशाबांच्या नावाने गोळेश्वर येथे कुस्ती अकादमी उभारण्याची घोषणा २००९ मध्ये झाली होती. ती उभी न राहिल्याने, पदक विकून तरी ती उभारावी, असे कुटुंबाला वाटले. ज्या पदकासाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकले, ते पदक लिलावात निघाले असते तर महाराष्ट्राला काय वाटले असते, याची कल्पनाच केलेली बरी. शासन, समाज आणि क्रीडाक्षेत्र यांपैकी कोणालाही या प्रसंगातून आपली जबाबदारी झटकता येणार नाही. पुढे २०२३ मध्ये खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय झाला. दिवस पाळणे उचित आहे. वस्तू सांभाळणे हे त्याहून कठीण, आणि तितकेच आवश्यक आहे.

असाच प्रसंग ग्रीस देशावरही आला होता. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या स्पिरिडॉन लुईस या पाणी वाहणाऱ्या मनुष्याला चांदीचा चषक मिळाला होता. त्याच्या नातवाने तो एप्रिल २०१२ मध्ये लंडन येथे विकावयास काढला. एका ग्रीक सार्वजनिक न्यासाने ५ लाख ४१ हजार २५० पौंड देऊन तो घेतला आणि अथेन्सच्या ॲक्रोपोलिस संग्रहालयात सर्वांना पाहण्यासाठी मांडला. कुटुंबाला मोबदला मिळाला आणि चषक देशाचा झाला. असा मार्ग आपल्याकडेही अशक्य नाही.

वस्तू सार्वजनिक संस्थेकडे दिली म्हणजे ती सुरक्षित झाली, असेही मानून चालत नाही. हॉकीतील तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी बलबीरसिंग यांनी १९८५ मध्ये नियोजित क्रीडासंग्रहालयासाठी ३६ पदके, शंभराहून अधिक छायाचित्रे आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील आपला कर्णधाराचा कोट भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सुपूर्द केला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांची विचारणा झाली, तेव्हा त्या वस्तू सापडेनात. २०२० मध्ये बलबीरसिंग निवर्तले, तोवर त्या परत मिळाल्या नव्हत्या. वस्तूंसोबत यादी, पोच आणि जबाबदार व्यक्ती नसेल, तर देणगी ही हरवण्याची पहिली पायरी ठरते.

कायदा काय म्हणतो?

या संदर्भात ग्रामपंचायतींना व शिक्षकांना कायद्याची थोडी माहिती असणे आवश्यक आहे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून कमी जुनी नसलेली मूर्ती, शिल्प, नाणे, शिलालेख, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू इत्यादी पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अधिसूचित प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करणे बंधनकारक असून खाजगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी पाठविता येत नाही.

जमिनीत पुरलेली वस्तू सापडल्यास १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर तिचे स्वरूप, सापडण्याचे ठिकाण व तारीख यांची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. सापडलेले सरकार काढून घेईल व आपल्याला काहीच मिळणार नाही, अशी भीती खेड्यांत असते. ती अनाठायी आहे. निधीवर कोणाची मालकी सिद्ध न झाल्यास शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा देण्याची, तसेच शासनाने वस्तू संपादन केल्यास मोबदला देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. उलट सूचना न देणाराच आपला हक्क गमावून बसतो आणि शिक्षेस पात्र होतो. विहीर खणताना, घराचा पाया घेताना किंवा शेततळ्याच्या कामात नाणी, मूर्ती वा भांडी आढळल्यास काम थांबवून तलाठी व तहसीलदार यांना कळविणे, हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

आता या कायद्याच्या चौकटीत खाशाबांचे पदक ठेवून पाहू. ते १९५२ चे आहे. शंभर वर्षांची अट २०५२ मध्ये पूर्ण होईल. तोपर्यंत पुरावस्तू म्हणून मिळणारे संरक्षण त्याला नाही. खेळाच्या वस्तू हरवतात, विकल्या जातात, मोडीत जातात त्या नेमक्या या पहिल्या शंभर वर्षांत. साक्षीदार जिवंत असेपर्यंत त्यांना समाजाचे प्रेम मिळते आणि शंभर वर्षे उलटली की कायद्याचा आधार मिळतो. दोहोंच्या मधला जो काळ, तोच सर्वांत धोक्याचा. त्या काळात वस्तूला तारणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे नोंद.

नोंदवही : अल्प खर्चाचे संग्रहालय

संग्रहालयासाठी इमारत, कर्मचारी आणि निधी लागतो. नोंदवहीसाठी एक जाड वही आणि एक आस्थेवाईक शिक्षक पुरेसा होतो. गावातील प्रत्येक उल्लेखनीय वस्तूसाठी या वहीत एक पान राखावे. वस्तूचे नाव, मापे, ती कशाची बनलेली आहे, कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, गावात कशी आली, तिच्याबद्दल वृद्ध मंडळी काय सांगतात आणि सांगणाऱ्याचे नाव, एवढे लिहावे. सोबत छायाचित्र चिकटवावे. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच लिहावी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जुलै २०२४ मध्ये वाघनखे महाराष्ट्रास प्रदर्शनासाठी दिली. ती शिवछत्रपतींनी अफझलखानाच्या वधासमयी वापरलेलीच होत असे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. म्हणून त्यांच्या दर्शनासाठी साताऱ्यात जमलेल्या लोकांची भावना खोटी ठरत नाही. भावना आणि पुरावा यांचे रकाने वेगळे ठेवावेत, एवढेच त्यातून शिकावयाचे.

वस्तूंची काळजी घेताना काही पथ्ये पाळणे इष्ट आहे. वीरगळ किंवा जुनी शिल्पे मूळ जागेवरून हलवू नयेत. हलविणे अटळच असेल तर आधी मूळ जागेची नोंद व छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा. त्यांना तैलरंग देऊ नये, सिमेंटने डागडुजी करू नये, आम्लाने धुऊ नये. पदके, ढाली व चषक चिंच किंवा राख लावून वारंवार घासल्यास त्यांवरील कोरीव अक्षरे झिजतात. ज्या नावांसाठी ढाल जपावयाची तीच नावे त्यामुळे नाहीशी होतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. कापडी बिल्ले, जुन्या गुणपत्रिका व छायाचित्रे ओल आणि वाळवी यांपासून दूर ठेवावीत. गावच्या जुन्या तालमीतील जोड्या, करेल आणि हनुमान जयंतीच्या फडाचे हस्तपत्रक या वस्तूही वहीत याव्यात. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. त्या काळी वऱ्हाडातील कित्येक गावांत अशा तालमी होत्या. त्यांतील किती वस्तू आज शिल्लक आहेत, हे गावोगावच्या नोंदवह्याच सांगू शकतील.

बुलढाणा जिल्ह्याला तर ही निकड विशेष आहे, कारण येथे आजही इतिहास घडत आहे. बुलढाण्याचा धनुर्धर प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत जगातील अव्वल क्रमांकाच्या नेदरलँड्सच्या खेळाडूला १४९-१४८ असे एका गुणाने हरवून सुवर्णपदक पटकावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारताच्या कंपाउंड धनुर्विद्या संघातही तो होता. अशा स्पर्धेतील एखादा बाण, गुणपत्रिका किंवा क्रमांकाची कापडी पट्टी जिल्ह्यात जपली जावी. आज ती वस्तू पाहणारा मुलगा धनुष्य हाती घेण्याची इच्छा धरील. २१२३ साली ती कायद्याने पुरावस्तू होईल. त्या वेळच्या अभ्यासकाला, एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी वऱ्हाडातील एका मुलाजवळ जगातील उत्तम धनुष्य कसे आले, याचे उत्तर कदाचित त्या एका बाणाच्या घडणीत मिळेल. सिंदखेडराजाच्या मूर्तीचा दगड आज आपल्याला जसे प्रश्न विचारतो, तसेच हे होय.

प्रारंभी उल्लेखिलेल्या गावी नंतर पुन्हा जाणे झाले. शाळेतील गुरुजींनी मुलांकडून वीरगळ स्वच्छ करवून घेऊन त्याची मापे टिपली होती. मूळ जागा कोणती, याबद्दल दोन वृद्धांचे म्हणणे लिहून घेतले होते. दोघांचे एकमेकांशी जुळत नव्हते. गुरुजींनी दोन्ही मते लिहिली होती. धुण्यासाठी ग्रामपंचायतीने शेजारी फरशी घालून दिली होती. वहीच्या पहिल्या पानावर कबड्डीच्या ढालीची नोंद होती, दुसऱ्यावर वीरगळाची. ढालीच्या पानावर सर्व खेळाडूंची नावे होती. वीरगळाच्या पानावर नावाची जागा कोरी होती. ती कोरी जागा आता भरून निघणे कठीण आहे. परंतु ढालीच्या पानावरची नावे कधी कोरी पडू नयेत, याची व्यवस्था मात्र त्या वहीने केली आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने व प्रत्येक शाळेने येत्या वर्षात अशी एक वही सुरू केली, तर जिल्ह्याच्या वारशाची ती फार मोठी सेवा होईल.